उतारा आधी, ओटी मग

जव्हारचं जुनं घर श्रावणात पाहायला जाऊ नये. मी नेमकं तेच केलं. नाशिकहून त्र्यंबकेश्वर-मोखाडा मार्गे निघालो, रस्त्यावर धुकं उतरलं होतं, आणि दलालाने ज्या घरापुढे उभं केलं त्याची ओटी, सागवानी खांब, पितळी कड्यांचा झोपाळा आणि कोरीव चौकट पाहून व्यवहाराचं भान सुटलं. आठवड्याभरात इसार दिला. त्याला दोन वर्षं झाली. राग अजून गेलेला नाही.

अशी घरं इथे उगाच उभी राहिली नाहीत. हे मुकणे घराण्याचं संस्थान. 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली आणि 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजधानीचं गाव म्हटल्यावर कारभारी, वकील, व्यापारी आलेच, आणि त्यांची घरंही. यशवंतराव मुकणे यांच्या जयविलास राजवाड्यापुढे पर्यटक फोटो काढतात. गल्लीतल्या कौलारू घरांकडे कोणी पाहत नाही. मालकांची नातवंडं ठाण्या-मुंबईला गेली. दाराला कुलूप आणि कागदावर अजून आजोबांचं नाव, अशी ही घरं ‘हेरिटेज’ म्हणून विक्रीला येतात.

मला दाखवलेल्या घराचं परस मोठं होतं. आंबा, फणस, बांधीव विहीर. खरं तर मी भुललो तो या परसालाच. पहिल्याच दिवशी पाणी भरायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “विहीर आमच्या जागेत आहे, दादा. तुम्हाला सांगितलं नाही का?” दलाल हसला. “पिढ्यान्पिढ्या पाणी भरतात ना, म्हणून आपलीच वाटते त्यांना.” मी मान डोलावली.

महिन्याने वकिलांनी उतारे काढायला लावले. घर नगर भूमापनात होतं, त्याची मिळकत पत्रिका मिळाली. परस मात्र तिच्यात नव्हतंच. त्याचा सर्व्हे नंबर वेगळा, सातबारा वेगळा, खातेदार म्हणून मावशींच्या सासऱ्यांचं नाव आणि इतर हक्कांत कलम 36 व 36अ ची नोंद. तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून तो कागद मी तीनदा वाचला. पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन उभ्या बाईने पहिल्या तासाभरात, काहीही न मागता, खरं सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला तो दलाली मिळणाऱ्यावर.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बेकायदा गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्यासाठी 1974 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि खेड्यांत 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाही अधिकार दिले आहेत. या कायद्यांमुळे व्यवहार अडतात अशी कुरकूर मी बरीच ऐकली. माझ्या मते ते नसते तर विक्रेत्याने ती विहीर केव्हाच विकली असती.

विक्रेत्याचं वागणं तर त्याहून झोंबणारं. खुलासा मागायला गेलो तेव्हा ओटी ओकीबोकी झाली होती. झोपाळा गेलेला, कोरीव दार चौकटीसकट काढलेलं, जागी पत्रा ठोकलेला. म्हणे, “घर विकलंय, सामान नाही.” तामिळनाडूत कारैकुडीला चेट्टिनाडच्या वाड्यांमधले खांब आणि दरवाजे विकणाऱ्या दुकानांची अख्खी गल्ली आहे, जुन्या सागवानाला घराबाहेरही भाव असतो हे मला तेव्हा ध्यानात आलं. आणि मिळकत पत्रिकेवर नाव असलेल्या दोन आत्यांबद्दल विचारलं, तर “त्यांनी तोंडी सोडलंय.” तोंडी! हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. शिवाय वडिलोपार्जित घरात मुलींचा जन्मतः हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलेला आहे.

म्हणून सांगतो. इसाराआधी मिळकत पत्रिका, सातबारा आणि जुने फेरफार स्वतः काढा. विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि मोजणीला शेजाऱ्यांना उभं करा. जो पाणी भरतो, गुरं बांधतो, आंबे उतरवतो त्याला आधी विचारा. दारं, झोपाळा, खुंट्या, कडी-कोयंडे यांची यादी फोटोंसह करारात घाला. मालकी स्वच्छ न निघाल्यास इसार किती दिवसांत परत, तेही लिहून घ्या; माझ्या पावतीत ती ओळ नव्हती. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा, वाळवी तिथेच असते. बाकी, घाई करू नका आणि वकील चांगला बघा, हे सगळेच सांगतात.

माझा इसार परत आलेला नाही. यंदाच्या पावसात माजघरावरची कौलं खाली आली. घर अजून विक्रीला आहे, आणि दलाल पाठवतो त्या फोटोंत ती विहीर अजूनही आहे. तुमच्या फोनवर ते फोटो आले, तर आधी परसाचा सातबारा मागा.