बर्फावर निघालेल्या भाचेरावांस

मल्लेश्वरम, बंगळुरू
दिवाळीनंतरचा रविवार



बेळगावहून आईसाहेबांचा फोन आला होता. चिरंजीव जानेवारीत स्वतःची गाडी काढून बंगळुरूहून थेट मनाली गाठणार, तिथून अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात उतरणार, आणि त्यासाठी जे. सी. रोडवर लाखभराचे टायर बघून आले आहेत, असं कळलं. "तू तिकडे नोकरी केलीस, आता तूच बघ," म्हणून ताईने विषय मामाच्या गळ्यात घातला. सीमा रस्ते संघटनेच्या वर्कशॉपात मामाची सहा वर्षं मनालीच्या बाजूला गेली, त्या शिदोरीवर हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर भाचेरावांनी "हो मामा, हो मामा" करत फोन टेबलावर ठेवून दिला असता, हे मामाला ठाऊक आहे.

जे. सी. रोडवरच्या दुकानदाराने म्हणे टायरच्या कडेवरची 'एम + एस' ही अक्षरं दाखवली आणि "स्नो टायर आहे, सर" असं छातीठोक सांगितलं. तो खोटं बोलला नाही, पण खरंही बोलला नाही. 'मड' आणि 'स्नो' यांची ती आद्याक्षरं. टायरच्या नक्षीत ठरावीक प्रमाणात मोकळी जागा असली की उत्पादक ती छापू शकतो. त्यासाठी टायर बर्फावर नेऊन चालवून बघितलेला असावा अशी अट नाही. म्हणजे बायोडेटात 'पोहता येते' असं लिहिण्यासारखं, नदी कुणी दाखवायला सांगत नाही.

खरी खूण वेगळी आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असं ते छोटं चित्र असतं. अमेरिका-कॅनडातल्या टायर उद्योगाने ते १९९९ साली आणलं. ते मिळवायला टायरला दाबून बसलेल्या बर्फावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते आणि नेमून दिलेल्या नमुना-टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत ३० सप्टेंबर २०२४ नंतर नुसत्या 'एम + एस'वर हिवाळी रस्त्यावर भागत नाही, हे डोंगर-हिमकणाचं चिन्ह लागतं. कॅनडाच्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आपल्याकडे अशी सक्ती नाही, त्यामुळे चिन्ह बघायचं की नाही हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर अवलंबून. बीएफ गुडरिचच्या केओ-२ वर किंवा योकोहामाच्या जिओलँडर जी-०१५ वर बहुतेक मापांत ते असतं. 'बहुतेक' हा शब्द महत्त्वाचा. भाचेरावांनी नावावर भाळू नये, आपल्या मापाचा टायर दुकानात आडवा करून, मोबाईलचा दिवा लावून, बोटाने चिन्ह शोधावं.

आणि चिन्ह सापडलं तरी लगेच पेढे वाटू नयेत. त्या अमेरिकन परीक्षेत टायर बर्फावर गाडी किती जोराने ओढतो, एवढंच मोजतात. ती थांबवतो कशी, वळवतो कशी, आणि घट्ट गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर त्याचं काय होतं, हे प्रश्न त्या पेपरात नाहीत.

आता रबराकडे. डिसेंबरात मामीची खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजलेली असते, तेल बाहेर यायचं नाव घेत नाही. टायरच्या रबराचंही तसंच, फक्त त्याचा आकडा वेगळा. साध्या टायरचं रबर साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्त्याच्या खरबरीतपणात शिरेनासं होतं. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका जास्त असते, ते उणे तापमानातही लवचिक राहतं. गंमत अशी, की बंगळुरूच्या नोंदींतलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश आहे, १३ जानेवारी १८८४ चं. म्हणजे ज्या आकड्यापाशी हिवाळी टायरचं काम सुरू होतं, तिथवर हे शहर कधी पोचलेलंच नाही! इथे कुणी खरे हिवाळी टायर चढवलेच, तर एप्रिलच्या तापलेल्या डांबरावर ते खोडरबरासारखे झिजतील. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी केलेला टायर, हा मधला मार्ग आहे आणि मधल्या मार्गाचं सगळं बरंवाईट त्याच्यात आहे. डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन ताज्या बर्फावर साध्या टायरपेक्षा चांगला, खऱ्या हिवाळी टायरपेक्षा कमी.

भाचेरावांच्या मनात मात्र मड-टेरेन भरलेत, असं ताई म्हणाली. त्या मोठमोठ्या ठोकळ्यांमुळे गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. सकलेशपूरच्या इस्टेटीतल्या लाल चिखलात ते ठोकळे चिखल उपसून फेकतात, तिथे त्यांना तोड नाही. पण बर्फ फेकायचा नसतो, धरायचा असतो. परवाच घरी बेसनाचे लाडू वळताना भाचेरावांनी बघितलंय: पीठ पिठालाच चिकटतं म्हणून लाडू होतो. बर्फही बर्फाला असाच धरतो. टायरच्या खाचांमध्ये दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला पकडतो. त्यासाठी खाचा तर हव्यातच, पण ठोकळ्यांवर सुरीने ओढल्यासारख्या बारीक चिराही हव्यात, म्हणजे धरायला कडा वाढतात. १९२३ साली जॉन साइप नावाच्या अमेरिकन माणसाने रबरी तळव्याला अशा चिरा देण्याचं पेटंट घेतलं, म्हणून इंग्रजीत त्या चिरांना आजही त्याचंच नाव आहे. मड-टेरेनच्या ठोकळ्यांवर या चिरा फार थोड्या, म्हणून दाबलेल्या बर्फावर तो रुबाबदार टायर चक्क नापास होतो.

मराठीची इथे थोडी अडचण आहे. आकाशातून भुरभुरत पडतो तोही बर्फ, सरबतात टाकतो तोही बर्फ. लाहौलात या दोन बर्फांतला फरक जिवाशी येतो. भुसभुशीत बर्फ परवडला. दुपारी उन्हाने वितळतो आणि संध्याकाळी सावलीतल्या वळणावर पुन्हा गोठतो, तो खरा वैरी. रस्ता नुसता ओला वाटतो, आणि पाय ठेवला की कोकणातल्या विहिरीची शेवाळलेली पायरी. गणित असं आहे: ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर आठेक मीटरमध्ये उभी राहते, दाबलेल्या बर्फावर पंचवीसेक मीटर घेते आणि गुळगुळीत बर्फावर साठ मीटर सहज घेते. साठ मीटर म्हणजे बीएमटीसीच्या पाच बसगाड्या एकामागे एक. भाचेरावांची गाडी फोर बाय फोर असली, तरी त्यामुळे यातला एक मीटरही कमी होत नाही. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो तो निघायला; थांबायला ब्रेक चारही चाकांना प्रत्येक गाडीत असतातच, मारुती ८०० मध्येही होते.

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवसांत मनालीजवळचं सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांनी रात्रीच्या अंधारात पर्यटकांना बाहेर काढलं. त्या हिवाळ्यात तिथल्या उतारांवर फोर बाय फोर गाड्याही आडव्या होऊन घसरत गेलेल्या साऱ्या देशाने मोबाईलवर बघितल्या. बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, त्याआधी हिवाळ्यात लाहौल सहा-सहा महिने तुटलेला असायचा. त्या काळी तिकडे जाणाऱ्याला बर्फ म्हणजे काय ते माहीत असायचं, कारण माहीत नसलेला तिथवर पोचायचाच नाही. आता ९.०२ किलोमीटरचा बोगदा दहा-पंधरा मिनिटांत पार होतो आणि सपाट मुलखातली गाडी, सपाट मुलखातल्या ड्रायव्हरसकट, थेट तीन हजार मीटरवर पलीकडच्या सिस्सू गावच्या बर्फात जाऊन उभी राहते.

मामाच्या वर्कशॉपात एक पंजाबी फोरमन होते. नवा ड्रायव्हर आला की ते त्याला टायर दाखवत नसत, साखळ्यांची पेटी दाखवत. बाहेर उणे दहा, संध्याकाळची वेळ, आणि पोराला सांगायचे, "लाव." पहिल्या दिवशी मामाला एका चाकाला पस्तीस मिनिटं लागली, बोटांची जाणीव गेली, एक कडी उलटी बसली ती वेगळीच. महिन्याभरात तेच काम सहा मिनिटांवर आलं. गोठलेल्या बर्फावर रबर काहीही असो, लोखंडच चावतं. म्हणून लाखभराच्या टायरांबरोबर चार-पाच हजारांच्या साखळ्यांची जोडी घ्यायला कुणी विसरला, तर त्याने लग्नाचा हॉल ठरवून भटजी सांगायचा विसरला असं समजावं. साखळी कुठल्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत बघावं. फोर बाय फोरच्या बाबतीत प्रत्येक कंपनीचं म्हणणं वेगळं असतं. वेग तिशी-चाळिशीच्या आत, आणि डांबर दिसलं की साखळी उतरवायची, नाहीतर ती तुटून मडगार्ड फाडते.

साखळीच्याच कारणाने भाचेरावांनी दोन माप मोठे टायर घ्यायचा हट्ट सोडावा. मोठ्या टायरने चाकाच्या कमानीतली जागा खाल्ली की साखळी बसायला फट उरत नाही. कंपनीचं माप ठेवावं. घ्यायचे तर पाच घ्यावेत, स्टेपनीसकट. फोर बाय फोरमध्ये एक चाक वेगळ्या घेराचं झालं की यंत्रणेला ताण येतो. कडेवर आयएसआयची खूण आणि चार आकडी तारीख बघावी: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जून २०२० पासून सरकारने टायरांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्यावर आणली, तेव्हापासून काही परदेशी मापं मिळेनाशी झाली किंवा अवाच्या सवा भावाने मिळू लागली. अशा वेळी 'शेवटचा सेट आहे, सर' म्हणून चार वर्षं गोदामात पडलेला माल कुणी पुढे करतो. दुर्मीळ म्हणून घ्यायला टायर काही पैठणी नव्हे.

हवेचं एक छोटं गणित आहे, ते मामाला फार आवडतं. बंगळुरूत २८ अंशांत ३३ पीएसआय भरून निघालेली गाडी सिस्सूला उणे १५ अंशांच्या पहाटे उभी असेल, तर थंडीने साडेसहा पीएसआय जातात. पण उंचीवर बाहेरची हवाच विरळ असते, त्यामुळे गेजवर तीनेक परत मिळतात. निव्वळ घट साडेतीन. तेव्हा हवा तिथेच, सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी, आणि मैदानात उतरल्यावर पुन्हा मोजून जास्तीची सोडावी. आपला गेज जवळ असावा. प्रत्येक पंपावरचा काटा स्वतंत्र विचारांचा असतो. गाडी डिझेलची आहे, तर टायरच्या आधी डिझेलच थिजेल, हाही घोर आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते उगाच नाही.

आता मामाचा कौल. बंगळुरू ते मनाली एका बाजूने अडीच हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन पाच हजारांहून जास्त. हैदराबाद, नागपूर, झाशी, दिल्ली, सगळं कोरडं डांबर. खरा बर्फ लागला तर शंभरेक किलोमीटर. शिवाय वर्षाचे उरलेले अकरा महिने गाडी सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभी. ठोकळेबाज जड टायर त्या सगळ्या डांबरावर घोंघावतो, डिझेल जास्त पितो आणि पावसात ब्रेकला मागे पडतो. म्हणून सौम्य नक्षीचा, डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला, कंपनीच्या मापाचा ऑल-टेरेन घ्यावा. चिन्हवाला मापात मिळाला नाही तर आहेत तेच टायर ठेवावेत, फक्त नक्षीची खोली बघावी. आपला कायदा १.६ मिलिमीटरला चालतं म्हणतो, पण बर्फाला ते पुरत नाही. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला निदान चार मिलिमीटर लागतात, तोच हिशेब धरावा. वाचलेल्या पैशांत मनालीत दोन दिवस जास्त मुक्काम करावा. बर्फ पडायला लागला तर गाडी हॉटेलच्या आवारात ठेवून तिथल्याच एखाद्या ड्रायव्हरची जीप करावी. यात मानहानी काही नाही. मामा सहा वर्षं राहूनही तेच करायचा.

साखळ्या आल्या की येत्या रविवारी भाचेरावांनी गाडीसकट मल्लेश्वरमला यावं. खाली पार्किंगमध्ये मामा घड्याळ घेऊन उभा राहील. हातात लोकरीचे मोजे घालूनच साखळी लावायची, आणि मामी बादलीत बर्फाचं पाणी तयार ठेवणार आहे, मोजे त्यात बुडवून मग सुरुवात. दहा मिनिटांच्या आत दोन्ही चाकं झाली तर ताईला फोन मामा करेल. नाही झाली तर जेवायला थालीपीठ आहेच, आणि पुढचा रविवारही मोकळा आहे.

आपला,
मामा