कार्टूनमधलं गाणं लहान मुलांचंच असतं असं नाही

डिसेंबर जवळ आला की नगरमध्ये सावेडीतल्या माझ्या गायनवर्गात पालकांच्या फेऱ्या वाढतात. शाळांची गॅदरिंग तोंडावर आलेली असतात. पूर्वी बालगीत हवं असायचं, फार तर एखादं हिंदी गाणं. आता दुसरी-तिसरीतली मुलं जपानी गाणी मागतात. ‘डोरेमॉन’ हिंदीत बघत वाढलेली ही मुलं. त्यात यूट्यूब, आणि २०२५च्या सप्टेंबरात थिएटरला लागलेला ‘डिमन स्लेअर’. सुपे-पारनेरच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळं क्षेत्र आहे, त्यामुळे “जपानी कानावर पडलेलं बरंच की, बाई,” असं म्हणणारे वडीलही भेटतात. कराओके तर नगरकरांच्या घरात आधीच शिरलेलं आहे. आजोबा ज्या स्पीकरवर जुनी हिंदी गाणी म्हणतात, तोच माईक नातवंडांच्या हाती येतो.

जपानी गाण्याला माझी ना नाही. पण गाणं कार्टूनमधलं आहे, म्हणजे ते मुलांचंच, असं धरून चालणं महागात पडतं. जपानमध्ये ॲनिमे, म्हणजे तिथली कार्टून, मोठ्या माणसांसाठीही बनतात आणि त्यांची गाणी कसलेले गायक गातात.

एका कार्यक्रमात सात-आठ वर्षांच्या मुलीने योआसोबी या जोडीचं ‘आयडल’ घेतलं होतं. २०२३चं हे गाणं जगभर गाजलं. मुलीला ते तोंडपाठ होतं, घरी मोबाईलबरोबर ती छान म्हणायची. स्टेजवर मूळ गायिकेचा आवाज नाही, नुसती वाद्यं. शब्दांचा मारा, मध्येच रॅप, मग एकदम वरच्या सुरात उडी. पडद्यावरचे शब्द जपानी लिपीत, त्यांचा काही उपयोग नाही. ती मागे पडली आणि वाद्यांना गाठायला ओरडू लागली. आवाज बसला. त्यानंतर बरेच दिवस ती वर्गात मोकळा ‘सा’ लावेना. हे गाणं ज्या ‘ओशी नो को’ मालिकेचं आहे, तिच्या पहिल्याच भागात एका तरुण गायिकेचा भोसकून खून होतो, हे तिच्या आईला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

जपानी पालकही यातून सुटलेले नाहीत. आदो या गायिकेचं ‘उस्सेवा’ २०२०मध्ये आलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मोठ्यांच्या जगावर चिडून, उर्मट भाषेत म्हटलेलं ते गाणं अगदी बालवाडीतली पोरंही म्हणू लागली आणि तिथल्या आईवडिलांनी डोक्याला हात लावला. त्यांना निदान शब्द तरी कळत होते. आपल्याला तेही कळत नाहीत. म्हणून पहिलं काम हे: गाण्याचा अर्थ शोधा, ते कुठल्या मालिकेतलं आहे ते बघा आणि त्या मालिकेचा एक भाग स्वतः पाहा.

दुसरं काम आवाजाचं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा आरामाचा आवाका साधारण पाच-सहा सुरांचा असतो. ‘डिमन स्लेअर’चं ‘गुरेंगे’ लीसा ही गायिका गाते, तिच्यासारखं वर जायला कमावलेला गळा लागतो. गाण्यातली सगळ्यात उंच ओळ आधी मुलाकडून नुसती गुणगुणून घ्या. मान ताणली, हनुवटी वर गेली, चेहरा लाल झाला, तर पट्टी उतरवा. कराओकेच्या बहुतेक ॲपमध्ये पट्टी आणि लय दोन्ही बदलता येतात, पण त्या बटणाला कोणी हात लावत नाही. खरं तर कराओकेचं मूळच तिथे आहे. कोबे शहरातले साथीदार वादक दाइसुके इनोउए कच्च्या गायकांना सांभाळून घेण्यात तरबेज होते. एका उद्योजकाला सहलीत गायचं होतं. इनोउएंना बरोबर जाता येईना, म्हणून त्यांनी त्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१मध्ये त्यांचं यंत्र तयार झालं. गाणाऱ्यासाठी साथ वाकवायची असते, साथीसाठी लेकराचा गळा नव्हे.

तिसरी गोष्ट लांबीची. ॲनिमेचं शीर्षकगीत टीव्हीवर साधारण दीड मिनिटाचं असतं, पूर्ण गाणं तीन-चार मिनिटांचं. लहानांना टीव्हीवरचा दीड मिनिटाचा तुकडा पुरे.

शब्दांच्या बाबतीत मात्र आपली मुलं नशीबवान आहेत. जपानी स्वर अ, इ, उ, ए, ओ असे पाचच. इंग्रजी अक्षरांतले शब्द वाचायला देऊ नका, वहीत देवनागरीत उतरवून द्या. ‘त्सु’ला आपली मुलं अडखळत नाहीत, ‘चूल’मधला च त्यांच्या जिभेवर असतोच. दीर्घ स्वराला एक मात्रा जास्त द्यायची, तिथे अक्षर दोनदा लिहा. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, इतका तिथे फरक पडतो.

मग गायचं काय? बालवाडीच्या मुलांना मी ‘झोसान’ देते. हत्तीच्या पिल्लाचं हे इवलंसं गाणं मिचिओ मादो यांचं. त्यांना १९९४मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. चाल संथ, तीनच्या लयीतली, त्यामुळे दादरा म्हणणाऱ्या मुलांना ती लगेच पकडता येते. जपानी मुलांनी पत्रं लिहून हत्ती मागितला आणि नेहरूंनी १९४९मध्ये ‘इंदिरा’ नावाची हत्तीण टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात पाठवली, ही गोष्ट सांगितली की गाणं आणखी रंगतं. पहिली-दुसरीला ‘तोतोरो’ या १९८८च्या चित्रपटातलं ‘सान्पो’: पाय आपटत चालत म्हणायचं, श्वासाला भरपूर जागा. ‘पोन्यो’चं गाणं आठ वर्षांच्या मुलीनेच गायलेलं आहे, तेही चांगलं. ‘डोरेमॉन’चं २००७मध्ये आलेलं शीर्षकगीत चालीमुळे सोपं जातं, ती चाल हिंदीतून कानात बसलेली असते. आठ वर्षांवरच्यांनी ‘पाप्रिका’ घ्यावं. केन्शी योनेझू यांनी ते २०१८मध्ये फूरिन या मुलांच्याच गटासाठी केलं. वरच्या ओळी चारजणांत वाटून घेतल्या की कोणावर ताण येत नाही.

माईक देताना इको कमी ठेवा. इकोत बेसूर झाकलं जातं आणि मूल स्वतःला ऐकतच नाही. तालमी दहा-पंधरा मिनिटांच्याच ठेवा. सर्दी-खोकला असेल तर नाव मागे घ्या. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घरगुती काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

नाव देण्याआधी एकदा मशीन बंद करा आणि मुलाला बसल्या जागी, बोलतो तेवढ्याच आवाजात, अख्खं गाणं म्हणायला सांगा. ते न ओरडता, न धापा टाकता शेवटपर्यंत गेलं, तर खुशाल नाव द्या. नाहीतर गाणं बदला. गॅदरिंग पुढच्या वर्षीही आहे.