विक्रमाच्या नगरीत शालिवाहनाची गुढी

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे उज्जैनमध्ये शिप्रेच्या काठी उगवत्या सूर्याला अर्घ्य दिलं जातं. विक्रम संवताचं नवं वर्ष लागतं. त्याच सकाळी शहरातल्या मराठी घरांवर गुढी उभी राहते : वेळूची काठी, रेशमी वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या. या घरांत सुरू होतं शालिवाहन शकाचं वर्ष. ३० मार्च २०२५ रोजी विक्रम संवत २०८२ लागलं आणि शके १९४७सुद्धा. दिवस एकच, आकड्यांत फरक १३५ वर्षांचा.

गंमत पुढेच आहे. एका दंतकथेप्रमाणे पैठणच्या शालिवाहनाने उज्जैनच्या विक्रमाला हरवलं. म्हणजे जिंकणाऱ्याची गुढी हरलेल्याच्या गावात! अर्थात, दोन्ही कालगणनांत १३५ वर्षांचं अंतर असताना हे दोघे समोरासमोर आले कसे, हे दंतकथा सांगत नाही. इतिहास म्हणून ती टिकत नाही. पण दोन मुलखांची जुनी चढाओढ तिच्यात दिसते.

मराठी घरं इथे कशी?

अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी उज्जैनला ठाणं केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. पण आलेली सगळीच घरं परत गेली नाहीत. आज आपण 'परदेश' म्हणजे समुद्रापलीकडचा देश समजतो. त्या काळच्या मराठी माणसाचा 'देश' सह्याद्रीच्या पूर्वेचा. नर्मदा ओलांडली की मुलूख परका.

एका घरात दोन श्रावण

मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा सारखा, वद्य पक्षाचं नाव मात्र वेगळं. आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपदात मोजतात. कृष्णजन्म मात्र एकाच रात्री.

सगळीकडे इतकं सोपं नसतं. समजा, मराठी घरात उत्तरेकडची सून आली. तिचे श्रावणी सोमवार सासूच्या आधी पंधरा दिवस सुरू होतात. तिच्या माहेरी वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येला, सासरी ज्येष्ठ पौर्णिमेला. आता उपवास कोणत्या दिवशी? प्रश्न पंचांगाचा वाटतो, पण खरं तर तो असा आहे : या घरात कुणाचं माहेर मोजलं जाणार?

याचं एक उत्तर रामघाटावर सापडतं. महाकालाची पालखी श्रावणातल्या सोमवारी मंदिरातून घाटावर येते, शिप्रेच्या पाण्याने पूजा होते आणि सवारी गोपाळ मंदिरावरून परतते. ही सवारी उत्तरेचा श्रावण संपला तरी थांबत नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षातही निघते, कारण तेव्हा मराठी श्रावण चालूच असतो. पाहुण्यांचं पंचांग गावाने आपल्या देवाच्या सवारीत धरलं. कुणाचाही सोमवार वजा झाला नाही, उलट सोमवार वाढले.

ख्रिस्ती परंपरेतही हे आहेच. जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे चालणाऱ्या रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीचा नाताळ सध्या ७ जानेवारीला येतो. सण तोच, गणना वेगळी.

काय शिकायचं?

घर हलतं तेव्हा ताट-वाट्यांबरोबर दिवस मोजायची रीतही सोबत जाते. भाषेत हिंदी मिसळली, पुरणपोळीशेजारी दालबाटी आली, तरी ती रीत टिकते. पण ती टिकवताना घरात आलेल्या माणसाची रीत पुसायची गरज नाही. दोन सोमवार जास्त धरले तर काय बिघडलं?

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरात दुसऱ्या प्रांतातून किंवा देशातून आलेली सणाची कोणती रीत आहे? ती कोणी आणली?
२. 'देश' आणि 'मुलूख' या शब्दांचे अर्थ आजीआजोबांना विचारा. तुमच्या अर्थापेक्षा ते कुठे वेगळे आहेत?
३. वरच्या उदाहरणातल्या सुनेच्या जागी तुम्ही असता, तर काय सुचवलं असतं?