गोठ्यातून हवेत जाणारे धन

गाई, बैल आणि म्हशी हे आपल्या शेतीचे मोठे भांडवल होय. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गाई-बैल व सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. या पशुधनापासून दूध, ओढकाम व खत अशी तिहेरी मिळकत शेतकऱ्यास होते. परंतु त्याच गोठ्यातून मिथेन नावाचा एक वायू डोळ्यांस न दिसता रात्रंदिवस हवेत जात असतो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हा वायू पृथ्वीभोवती उष्णता धरून ठेवतो. समान वजनाचा हिशेब शंभर वर्षांच्या काळासाठी केला असता त्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट भरतो. मात्र तो हवेत साधारणपणे १२ वर्षेच टिकतो. म्हणून आज त्यास आळा घातल्यास त्याचे फळ याच पिढीस दिसू शकते. हवामान बिघडले की पावसाचा खंड, कडक उन्हाळा आणि चाराटंचाई यांची झळ प्रथम शेतकऱ्यासच लागते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मिथेन कोठून येतो?

रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्म जीव चारा कुजवितात. या क्रियेत मिथेन तयार होतो व तो मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. चाऱ्यातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६ ते ७ टक्के ऊर्जा अशा रीतीने वाया जाते. चारा जितका वाळका, जून व निकृष्ट, तितकी दुधाच्या मानाने ही हानी अधिक. दुसरा मार्ग शेणाचा. ओल्या, दडपलेल्या व हवा न मिळणाऱ्या शेणातूनही मिथेन निघतो. दोन्ही मार्गांनी हवेत जाणारा वायू म्हणजे शेतकऱ्याने विकत घेतलेले अथवा पिकविलेले धनच होय.

चाऱ्याची सुधारणा

अख्खा कडबा गव्हाणीत टाकल्यास जनावर पाने खाते व ताटे तुडविते. त्याची कुट्टी करून घातल्यास नासाडी टळते. कुट्टीत मका अथवा हिरवी ज्वारी यांबरोबर चवळी, लसूणघास किंवा बरसीम यांसारखा द्विदल चारा मिसळावा. दुधाच्या प्रमाणात पेंड द्यावी. मोठ्या जनावरास रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण व भरपूर स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे.

भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड असल्यास त्यावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो वाळक्या पेंढ्यास ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने सारखा शिंपडावा. प्रत्येक थर तुडवून दाबावा व ढीग प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. काढलेला पेंढा काही वेळ पसरून, उग्र वास गेल्यावरच घालावा व त्याची सवय हळूहळू लावावी. सहा महिन्यांखालील वासरांस तो देऊ नये. युरिया किंवा त्याचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये; ते विषारी ठरते.

भाकड काळ कमी करणे

जनावर दूध देवो अथवा न देवो, शरीर पोसण्यापुरता चारा त्यास लागतोच व मिथेनही निघतच राहतो. तीन लिटर दूध देणाऱ्या दोन गाईंपेक्षा सहा लिटर देणारी एक गाय एकूण चारा कमी खाते आणि दर लिटरमागे वायूही कमी सोडते. यास्तव गोठ्यातील संख्या वाढविण्यापेक्षा असलेल्या जनावराचे दूध वाढविणे हितावह होय. गाईच्या दोन वेतांतील अंतर १३ ते १४ महिने असावे. माज २१ दिवसांनी परत येतो. एक माज हुकला की तितक्या दिवसांचा चारा फुकट जातो. माजाच्या तारखा भिंतीवर अथवा वहीत नोंदवाव्यात. कृत्रिम रेतन, जंतनाशन व लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर करून घ्यावी.

उकिरड्याची निगा

पावसाळ्यात उकिरड्यात पाणी साचले म्हणजे मिथेन निघतो, नत्र वाहून जाते व खताचा कस उतरतो. म्हणून खताची जागा उंचवट्यावर असावी, सभोवती चर काढावा व वर छप्पर अथवा झाकण करावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधून काढलेली नाडेप पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे. तीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधतात व भिंतींत भोके ठेवतात. त्यांतून हवा खेळती राहिल्याने मिथेनास वाव राहत नाही. थोडे शेण, पुष्कळसा काडीकचरा व माती यांपासून तीन ते चार महिन्यांत चांगले खत तयार होते.

गोबर गॅस

गोवऱ्या थापून जाळल्या की शेणातील नत्र व सेंद्रिय द्रव्य शेतास मुकते आणि धूर घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत व छातीत जातो. तेच शेण संयंत्रात घातले असता इंधन व खत दोन्ही लाभतात. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून दिवसास एक घनमीटर गॅस मिळतो. दोन गाई व दोन म्हशी असलेल्या घरी रोज ५० किलोंच्या आसपास शेण निघते. त्यावर दोन घनमीटरचे संयंत्र चालते व पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. शेण व पाणी समभाग कालवून घालावे. बाहेर येणारी मळी शेतास उत्तम खत होय.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. गॅस जाळला तरच लाभ आहे. नळी किंवा टाकी गळत असेल, अथवा न वापरलेला गॅस तसाच सोडून दिला, तर उघड्यावर वाळणाऱ्या शेणापेक्षाही अधिक मिथेन हवेत जातो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती वेळोवेळी तपासावी. ज्याच्याकडे एकच जनावर आहे, त्याने संयंत्राचा हट्ट न धरता नाडेप टाके बांधणे श्रेयस्कर होय.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही सर्व कामे एकदम सांगू नयेत. प्रथम बिनखर्चाची सांगावीत: माजाची नोंद, उकिरड्याभोवतीचा चर व खतावरील झाकण. त्यानंतर कुट्टी व द्विदल चारा, आणि शेवटी टाके किंवा संयंत्र. गावातील एका गोठ्यात महिनाभर रोजचा चारा व रोजचे दूध मांडून ठेवावे आणि तो हिशेब इतरांस दाखवावा. हवेतील वायू कोणास दिसत नाही. गव्हाणीत उरलेला कडबा आणि चरवीत वाढलेले दूध मात्र सर्वांस दिसते. त्याच्याच आधारे ही सुधारणा एका घरातून दुसऱ्या घरात जाईल.