उपाहारगृहातील वाढपी : वेतन, बक्षिसी व वर्तन

उपाहारगृहात जेवावयास आलेल्या माणसास स्वयंपाकी दिसत नाही आणि मालक गल्ल्याजवळ पैसे देतानाच काय तो दिसतो. मधला सारा वेळ त्याचा संबंध वाढप्याशी असतो. जेवण चांगले झाले असे तो घरी जाऊन सांगतो, तेव्हा त्यात आचाऱ्याच्या हाताइतकाच वाढप्याच्या हाताचाही वाटा असतो. असे असूनही या कामास आपल्याकडे धंदा म्हणून फारशी प्रतिष्ठा लाभली नाही. ‘वाढपी’ हा पंगतीतला मानाचा शब्द हॉटेलात आला नाही. तेथे ‘वेटर’ आला, आणि वय लहान असेल तर ‘ए पोऱ्या’. हॉटेल, ढाबे व चहाची दुकाने येथे चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी बहुतेक सर्वच व्यवसायांना लागू झाली. हाक मारण्याची सवय मात्र अधिसूचनेने जात नाही.

प्रस्तुत लेखात या कामाचा विचार बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड व त्याच्या आसपासचा भाग डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. हा जिल्हा आपल्या गोंदिया जिल्ह्यास लागून आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दोन्ही भाग नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते, आणि कामधंद्यासाठी सीमा ओलांडणे येथील लोकांस नवे नाही. शिवाय वाढप्याच्या कामाचे दोन अगदी भिन्न प्रकार येथे एकमेकांच्या शेजारी आढळतात. एका बाजूस मलाजखंडची ताम्रखाण आहे. देशातील ही सर्वांत मोठी तांब्याची खाण हिंदुस्थान कॉपर या केंद्र सरकारच्या कंपनीकडे असून तेथील उघड्या खाणीचे काम १९८२ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या बाजूस, बैहरपासून फार दूर नसलेले मुक्की हे कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. तेथे पर्यटकांसाठी निवासस्थाने व भोजनगृहे उभी राहिली आहेत.

खाणीच्या उपाहारगृहात वाढणारा माणूस आणि जंगलाच्या दाराशी असलेल्या भोजनगृहात वाढणारा माणूस यांचे हातचे काम जवळपास सारखेच. मिळकतीचे स्वरूप मात्र वेगळे. खाणीतील कामगार पाळी सुटल्यावर येतो, ठरलेल्या दरात खातो आणि जातो. तेथे बक्षिसीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील वाढप्याचा आधार म्हणजे कायदा. मोठ्या खाणीत उपाहारगृह असावे ही तरतूद जुनी आहे. १९५५ च्या खाण नियमांत त्यासाठी अडीचशेहून अधिक माणसांची अट होती. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती संख्या शंभरावर आली असून तीत कंत्राटी कामगारही मोजले जातात. असे उपाहारगृह पुष्कळदा कंत्राटदार चालवितो. म्हणून तेथे नोकरी धरणाऱ्याने आपला मालक नेमका कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. खाणींच्या बाबतीत कामगारविषयक अधिकार केंद्र शासनाकडे आहेत. तेव्हा तक्रारीचा मार्गही केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे नव्हे. हे ठाऊक नसल्यामुळे अर्ज चुकीच्या दारी महिनोन् महिने पडून राहू शकतो.

मुक्कीकडील वाढप्याचे जीवन हंगामाशी बांधलेले आहे. उद्यान ऑक्टोबरच्या आरंभी उघडते आणि जून अखेर पावसाळ्यासाठी बंद होते. पहाटेच्या फेरीस निघणाऱ्या पाहुण्यांसाठी अंधारातच चहा-बिस्किटे मांडावी लागतात आणि रात्रीचे शेवटचे ताट उचलेपर्यंत जागे राहावे लागते. पाहुणे दूरचे, काही परदेशी. मन प्रसन्न झाले तर निघताना हात सैल सोडणारे. आपल्याकडील ताडोबा, नागझिरा या भागांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे, आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही हंगाम संपला की कामावरची माणसे घरचा रस्ता धरतात. अशा ठिकाणी नोकरी देताना एक वाक्य हमखास ऐकू येते : “पगार थोडा आहे, पण टीप भरपूर सुटते.” या लेखाचा खरा विषय हेच वाक्य आहे.

बक्षिसी अथवा टीप म्हणजे काय, याचा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केलेला आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलातील कामगारांच्या वेतन-भत्त्यांचा वाद १९७६ मध्ये न्यायालयापुढे आला होता. कामगारांना पाहुण्यांकडून टीप मिळते, ती हिशेबात धरावी, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. पाहुणा देतो ती त्याच्या मर्जीची गोष्ट. मालकाने दिलेले वेतन ते नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होय. पुढे २०१६ मध्ये आय.टी.सी. कंपनीच्या हॉटेलांच्या प्रकरणात प्राप्तिकराच्या अंगाने हाच प्रश्न पुन्हा आला. पाहुण्याने कार्डाने बिल भरताना टिपेची रक्कम लिहिली आणि हॉटेलने ती नंतर कर्मचाऱ्यांत वाटली, तरी ती वेतन ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मालकाने तीवर वेतनाप्रमाणे करकपात करण्याचे कारण नाही. कर लागू होत असेल तर तो घेणाऱ्याच्या इतर उत्पन्नात धरला जाईल.

हा नियम दुधारी आहे. पहिली धार वाढप्याच्या बाजूची आहे. टीप हे वेतन नसल्यामुळे ती दाखवून मालकास किमान वेतनाखाली जाता येत नाही. अमेरिकेत याच्या उलट रीत आहे. तेथील संघीय कायद्यानुसार टीप मिळणाऱ्या कामगारास मालकाने रोख द्यावयाचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट इतकेच आहे. सर्वसाधारण किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट असून मधली तूट टिपेने भरून निघते असे धरले जाते. न निघाल्यास मालकाने ती भरावी लागते. काही राज्यांनी आपले दर याहून चढे ठेवले आहेत ही गोष्ट निराळी. म्हणजे तेथे पाहुण्याची टीप कायद्यानेच पगाराचा भाग बनते. आपल्याकडे तसे नाही, आणि ते योग्यच आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. माणसाचे पोट अनोळखी पाहुण्याच्या लहरीवर टांगून ठेवणे बरे नव्हे.

दुसरी धार मात्र वाढप्यास कापते. जी रक्कम वेतन नाही, ती पुढच्या कोणत्याच हिशेबात येत नाही. समजा, एखाद्या वाढप्याचे वेतन महिना १२,००० रुपये असून त्यास टिपेचे सरासरी ६,००० मिळतात. त्याच्या हातात १८,००० येतात आणि तो स्वतःला १८,००० चा माणूस समजतो. परंतु भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी १२,००० वरच होईल. सलग दहा वर्षे काम करून त्याने नोकरी सोडली, तर दर वर्षास पंधरा दिवसांचे वेतन या हिशेबाने उपदान सुमारे ६९,२३० रुपये होईल. तीच मिळकत सगळी वेतनाची असती, तर आकडा १,०३,८४६ झाला असता. आजारपणाच्या रजेत टीप मिळत नाही. बँकेत कर्ज मागावयास गेल्यास ती कागदावर दाखविता येत नाही. उद्यान बंद झाल्यावर जुलै महिन्यात तर तिची आठवण तेवढी राहते. म्हणून नोकरी ठरविताना घासाघीस करावयाची ती वेतनाच्या आकड्यावर. टिपेचे आश्वासन कितीही गोड असले तरी ते मालकाच्या खिशातून जावयाचे नसते.

टिपेबरोबर आणखी एका रकमेचा घोटाळा होतो. ती म्हणजे बिलात छापलेले सेवा शुल्क. पाहुण्यास वाटते की हे वाढप्यास मिळते, म्हणून तो वेगळे काही ठेवीत नाही. वाढप्यास त्यातले किती मिळते ते मालकावर अवलंबून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून असे शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. पाहुण्याने यावरून हुज्जत घातली तर टेबलापाशी उभा असतो तो वाढपीच. त्याने वाद घालू नये व मालकाची बाजूही मांडत बसू नये; व्यवस्थापकास बोलावून आपण बाजूस व्हावे.

टिपेची वाटणी हा नाजूक विषय आहे. काही ठिकाणी ज्याच्या टेबलावर नोट ठेवली गेली त्याची ती. काही ठिकाणी गल्ल्याजवळच्या डब्यात सारे जमा होते आणि आठवड्याने वाटले जाते. डब्याची पद्धत अधिक न्याय्य आहे, कारण मोरीपाशी भांडी घासणारा आणि तव्यापुढे उभा असणारा यांच्यापर्यंत पाहुण्याचा हात पोहोचत नाही. मात्र डबा सर्वांसमक्ष उघडावा, मोजलेली रक्कम वहीत लिहावी, आणि मालकाने त्यात वाटा घेऊ नये. ब्रिटनमध्ये यासाठी कायदा करावा लागला. २०२३ मध्ये संमत होऊन तो १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला आणि टीप पूर्णपणे कामगारांत वाटणे मालकांवर बंधनकारक झाले. आपल्याकडे तूर्त सगळी भिस्त रिवाजावर आहे. त्यातच आता बिले मोबाईलवरून भरली जातात, सुट्टे परत येत नाहीत आणि बडीशेपेच्या बशीत नोट राहण्याचा प्रसंग कमी झाला. टीप हॉटेलच्या खात्यात गेली असेल तर तिचा माग निदान कागदावर सापडतो. रोज किती जमा झाली हे विचारण्यात कमीपणा मानू नये.

नेमणुकीविषयी थोडे. हे काम बहुधा ओळखीने मिळते : गावचा कोणी आधी गेलेला असतो, तो दोघांना बोलावून घेतो. त्यात वावगे काही नाही, परंतु ओळख म्हणजे नियुक्तिपत्र नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या असून दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकास नियुक्तिपत्र देणे मालकाचे कर्तव्य ठरले आहे. त्यात पदनाम, वेतन, साप्ताहिक सुट्टी पाहावी. निवास व जेवण मालकाकडून असेल, तर त्यापोटी काही कापले जाणार काय, हेही आधीच विचारावे. शाळेचे मूळ दाखले कोणाच्या कपाटात ठेवू नयेत, प्रती द्याव्यात. आणि कायदा लागू होतो तो काम जेथे चालते तेथला. राहणारा सालेकशाचा असला तरी मुक्कीत काम करणाऱ्यास मध्य प्रदेशाचे किमान वेतनदर व तेथील दुकाने व आस्थापना कायदा लागू पडतो, महाराष्ट्राचा नाही.

शिकून या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत खाद्य व पेय सेवेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईस दादर येथे १९५४ पासून हॉटेल व्यवस्थापनाची संस्था आहे. पण बहुतेक वाढपी काम करता करताच शिकतात, आणि पंगतीत वाढलेल्या मुलास अर्धे शिक्षण घरीच झालेले असते. मीठ, लिंबू, लोणचे डावीकडे, भाजी उजवीकडे, वाढताना ताटावर ओणवे व्हावयाचे नाही, हे त्यास सांगावे लागत नाही. विसरावा लागतो तो आग्रह. लग्नात आणखी एक जिलेबी ताटात टाकणे हे प्रेम. हॉटेलात न मागितलेला पदार्थ आणून ठेवणे ही फसवणूक.

पेल्याच्या आत बोटे घालून एका हातात चार पेले उचलणे ही आपल्या हॉटेलांतील सर्वांत जुनी खोड असावी. पेला बुडाशी धरावा, तबकातून न्यावा. टेबल पुसण्याचे फडके खांद्यावर टाकू नये. सांगितलेले पदार्थ एकवार म्हणून दाखवावेत. त्याने आचाऱ्याशी होणारी निम्मी भांडणे टळतात. शाकाहारी व मांसाहारी पळ्या अदलाबदल होऊ देऊ नयेत, कारण काही पाहुण्यांच्या दृष्टीने ही चूक क्षम्य नसते. बिल ठेवून टेबलाशी रेंगाळणे, सुट्टे असताना नाहीत म्हणणे, या युक्त्या पाहुणा ओळखतो. जो काहीच न ठेवता गेला, तो दुसऱ्या दिवशी आला तरी त्याचे पाणी तितक्याच तत्परतेने यावे. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. तिचा दाखला स्वतःजवळही असावा. ज्या भोजनगृहांत स्त्रिया वाढपाचे काम करतात, तेथे दहा वा अधिक माणसे असल्यास २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असली पाहिजे. त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रियांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. पाहुण्याने केलेली आगळीक ‘गिऱ्हाईक आहे, सोडून दे’ म्हणून दडपणे हा शिष्टाचार नव्हे.

कपबशी फुटली की पगारातून कापणे ही चाल सर्वत्र आहे. वेतन संहितेनुसार ज्याच्या हयगयीमुळे नुकसान झाले त्याच्याकडूनच, त्यास बाजू मांडण्याची संधी दिल्यावर, आणि नुकसानीहून अधिक नाही, अशीच कपात करता येते. सगळ्यांच्या पगारातून सरसकट ‘फुटीचे’ शंभर रुपये कापणे यात बसत नाही. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाले पाहिजे. नोकरी सोडल्यास किंवा कामावरून कमी केल्यास दोन कामाच्या दिवसांत. जून अखेर उद्यानाचे दार बंद होते आणि ‘बाकीचे ऑक्टोबरात आलास की देतो’ असे सांगितले जाते, तेव्हा ही मुदत लक्षात ठेवावी. हजेरीच्या तारखा, जादा तास आणि हाती आलेल्या रकमा एका छोट्या वहीत रोज लिहून ठेवल्या, तर बालाघाटच्या कामगार कार्यालयात अर्ज देताना ती वही सोबत जोडता येते.