श्वानांसाठी प्रथमोपचार : अल्प खर्चाचे लोककौशल्य

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. त्यांपैकी २० लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होती. या राज्याची राजधानी लखनौ उन्हाळ्यात अक्षरशः होरपळते. अमीनाबादसारख्या गजबजलेल्या भागात वाहनाची धडक बसलेले वा उन्हाने कोसळलेले कुत्रे पशुवैद्यापर्यंत पोहोचेतो जाणारा वेळ निर्णायक ठरतो. त्या वेळी जवळ असतो तो फेरीवाला, पहारेकरी वा शाळकरी मुलगा. म्हणूनच हा लोकशिक्षणाचा विषय आहे.

पहिला धडा स्वसंरक्षणाचा. वेदनेने व्याकुळ झालेले माणसाळलेले कुत्रेही चावते. त्याचे तोंड कापडी पट्टीने बांधावे. मात्र त्याला धाप लागली असल्यास, ओकारी होत असल्यास वा ते बेशुद्ध असल्यास बांधू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रेबीज प्रतिबंधक लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. संशयास्पद वागणाऱ्या कुत्र्याला हात न लावता महापालिकेला कळवावे.

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने सतत दाब द्यावा. कापड वारंवार उचलून पाहू नये. हाड मोडले असल्यास ते बसवण्याचा प्रयत्न न करता कुत्र्याला सपाट फळीवरून न्यावे. श्वानाचे शरीर प्रामुख्याने धापेवाटे थंड होते. त्याचे तापमान ४१ अंश सेल्सिअसपलीकडे गेल्यास जिवाला धोका असतो. अशा वेळी त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी माणसांची औषधे देऊ नयेत. ती विषारी ठरू शकतात.

कापड, फळी, पाणी यांवर होणारा खर्च नगण्य आहे. खरी गुंतवणूक प्रशिक्षणाची. तिचा लाभ मात्र एकट्या कुत्र्याचा नसतो, कारण जखमी जनावर अजाणतेपणी हाताळल्याने होणाऱ्या चाव्यांचा भार अखेर सार्वजनिक रुग्णालयांवरच पडतो. मार्च २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात ५२० फिरती पशुवैद्यकीय पथके सुरू झाली. परंतु त्यांचा मुख्य भर पशुधनावर आहे. म्हणून सफाई कामगार, पहारेकरी व विद्यार्थी यांना वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, पशुवैद्यांकडून प्रात्यक्षिकासह हे शिक्षण मिळावे. प्राणिमात्रांविषयी दयाभाव हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. त्या कर्तव्याला कौशल्याची जोड देणे नगर प्रशासनाला सहज शक्य आहे.