एक बिबट्या, अनेक कॅमेरे : ओळख पटविण्याचे गणित

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरेच्या काठाने ऊस उभा असतो आणि त्या उसाच्या आडोशाने बिबट्या वावरतो. एका वस्तीवर तो सायंकाळी दिसतो, दुसऱ्या वस्तीवर पहाटे, तर तिसऱ्या वाडीत पुढल्या रात्री. मग गावात तीन बिबटे आल्याची वार्ता पसरते व पिंजऱ्याची मागणी होते. वस्तुतः तो एकच प्राणी असू शकतो. निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेला प्राणी, मनुष्य अथवा वाहन एकच आहे किंवा कसे, हे कमीत कमी श्रमांत ठरविणे हा संगणकशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

अकोले परिसरातील अभ्यास

डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात कॅमेरा सापळे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक लोक राहत असलेल्या या शेतीप्रधान प्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे व सुमारे ५ प्रौढ तरस असावेत, असा अंदाज त्यातून निघाला. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणेच प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. अशी मोजणी तिच्याच आधारे केली जाते.

तुलना कमी कशी करावी?

समजा, ३०० छायाचित्रे जमली. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करावयाची तर ४४,८५० जोड्या तपासाव्या लागतील. छायाचित्रे दुप्पट झाली, की काम सुमारे चौपट होते. बिबट्याच्या दोन्ही कुशींवरील ठिपके सारखे नसतात. म्हणून डाव्या कुशीची १५० व उजव्या कुशीची १५० छायाचित्रे वेगळी केली, तर २२,३५० जोड्या उरतात. ओळख पटलेल्या दहा बिबट्यांची नोंदवही तयार असेल, तर प्रत्येक छायाचित्र फक्त त्या दहांशी ताडून पाहावयाचे. मग फार तर ३,००० तुलना पुरतात.

याखेरीज वेळ व अंतर यांचीही मदत होते. रात्री ९ वाजता टिपलेला बिबट्या ९ वाजून १० मिनिटांनी १२ किलोमीटर दूर असू शकत नाही. अशा जोडीची तुलना करण्याचे कारणच उरत नाही.

चौकातील कॅमेरे

गावातील देखरेखीच्या कॅमेऱ्यांनाही हेच नियम लागू पडतात. दर सेकंदाला २५ चित्रे घेणारे चार कॅमेरे एका दिवसात ८६,४०,००० चित्रे जमवितात. ती सर्व तपासणे खर्चाचे होय. म्हणून पुढील उपाय योजले जातात :

१. हालचाल असेल तेव्हाच तपासणी करावी. उष्ण शरीर हलले की जागा होणारा कॅमेरा सापळा हेच करतो.

२. काही चित्रांआड एकाच चित्रात वस्तू शोधावी. मधल्या चित्रांतील तिची जागा वेग व दिशा यांवरून अनुमानावी.

३. मोठ्या चित्रात वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. ते सर्व न पाठविता कॅमेऱ्यापाशीच वस्तूची वैशिष्ट्ये काही शे आकड्यांत मांडून तेवढीच केंद्राकडे पाठवावीत.

४. बसस्थानकावरून निघालेली मालमोटार पुढील चौकात साधारण किती वेळात पोहोचते, हे ठाऊक असते. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच कालावधीत तिचा शोध घ्यावा.

घ्यावयाची दक्षता

ही काटकसर अचूक नोंदींवर अवलंबून असते. एका कॅमेऱ्याचे घड्याळ पंधरा मिनिटे चुकले, तर खरी जोडीच अशक्य म्हणून वगळली जाईल. यासाठी सर्व घड्याळे जुळविलेली असावीत व कॅमेऱ्यांमधील अंतरांचा नकाशा असावा. अस्पष्ट छायाचित्राची ओळख ओढूनताणून न लावता 'अनिश्चित' अशीच नोंद ठेवावी.

या हिशेबाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे. जुन्नर भागात २००१ नंतर अनेक बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. तेव्हा पिंजऱ्याचा ठराव करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने प्रथम एवढे विचारावे : दिसलेले बिबटे किती, आणि एकच बिबट्या किती वेळा दिसला?